सल्ला हवा: पन्नाशीच्या पार्टीसाठी 'खरी' क्राफ्ट बिअर (शिकागो)

शॉमबर्गची_सून | २० ऑक्टोबर २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

९ नोव्हेंबरला नवऱ्याची पन्नाशी आहे. घरीच करतोय, शॉमबर्गला. पंचवीसएक माणसं, त्यातली पिणारी बारा-चौदा. जेवायला कोंबडी-वडे, तांबडा रस्सा, शाकाहाऱ्यांना भरली वांगी. पुण्याहून धाकटे दीर येताहेत आणि त्यांचं एकच पालुपद असतं, "वहिनी, आमच्याकडे बिअर ताजी मिळते, तुमच्याकडे सगळी डब्यातली."

मला स्वतःला बिअरमधलं ओ की ठो कळत नाही. पण एक अट आहे: मोठ्या कंपनीची नको. कारण सांगते. आम्ही २००९ मध्ये इथे आलो तेव्हापासून नवरा आल्यागेल्याला कौतुकानं गूज आयलंडची '३१२' पाजतो. "ही बघा, आपल्या शिकागोची, लहान कंपनी आहे." यंदा गणपतीत (विसर्जनानंतर, उगाच तुटून पडू नका) एका पाहुण्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की ती २०११ पासून बडवायझरवाल्यांची आहे. नवरा हसला, पण उरलेली संध्याकाळ गप्प होता. तेव्हा यंदा अस्सल काहीतरी आणून त्याला चकित करायचं आहे.

बजेट १५० डॉलर, फक्त बिअरचं. कृपया खरोखरच १५० धरा.

नेपरव्हिलचा_नाना | २० ऑक्टोबर, रात्री १०:०५

ताई, पन्नाशी एकदाच येते. १५० मध्ये काय होतंय? सरळ एक मोठा केग (बिअरचं पिंप) घ्या आणि खास लोकांसाठी बोर्बन काउंटी स्टाउटच्या सहा बाटल्या. बोर्बनच्या पिंपात मुरवलेली, काळीकुट्ट, काकवीसारखी. माझ्या बेसमेंटमध्ये २०१३ पासूनची प्रत्येक सालची बाटली आहे. दर थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी पहाटे रांगेत उभा असतो. बायको म्हणते इतक्या भक्तिभावानं पंढरपूरला उभा राहिला असतास तर...

अर्धा_ग्लास | २० ऑक्टोबर, रात्री १०:११

नाना, बोर्बन काउंटी गूज आयलंडचीच आहे हो. अटच ती आहे.

नेपरव्हिलचा_नाना | २० ऑक्टोबर, रात्री १०:३०

माहीत आहे. अपवाद म्हणून सांगितली. जॉन हॉल यांनी १९८८ मध्ये क्लायबोर्न अव्हेन्यूवर सुरू केलेली ब्रुअरी, २०११ मध्ये ३ कोटी ८८ लाख डॉलरला विकली. विकली तर विकली! २०१५ च्या काही बाटल्यांमध्ये जिवाणू शिरून त्या आंबट निघाल्या, तेव्हा कंपनीनं माल परत बोलावला आणि पैसेही परत केले. लहान ब्रुअरीला असा फटका झेपला असता का?

अर्धा_ग्लास | २० ऑक्टोबर, रात्री १०:३४

म्हणजे मोठ्या कंपनीची नको या धाग्यावर पहिलाच सल्ला मोठ्या कंपनीचा. वाचनखूण साठवतो.

कोथरूड_ते_केड्झी | २१ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

तुमचे दीर बरोबर बोलतात. दूलालीनं २००९ मध्ये पुण्यात मायक्रोब्रुअरी काढली तेव्हा मी पुण्यातच होतो. टाकीतून थेट ग्लासात. इथे लोक डब्यावरचं चित्र बघून बिअर घेतात. पुणेकराला डब्यातली देणार असाल तर निदान त्या डब्याची तारीख तरी बघा.

होपलेस_हॉप | २१ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

धागाकर्तीला कामाचं काही सांगू या का?

स्थानिक आणि स्वतंत्र:
रेव्होल्यूशनची अँटी-हिरो (आयपीए, कडू, कुठेही मिळते), हाफ एकरची डेझी कटर (पेल एल, जरा सौम्य), डव्हटेलचं लागर किंवा हेलेस (हलक्या, कमी कडू. रेव्हन्सवुडची ब्रुअरी, जुन्या जर्मन पद्धतीनं करतात, घाई नाही), आणि थ्री फ्लॉइड्सची गमबॉलहेड (गव्हाची, पण इंडियानातल्या मन्स्टरची, म्हणजे सीमेपलीकडची. चालवून घ्या).

ओळखायचं कसं? ब्रुअर्स असोसिएशननं २०१७ मध्ये एक शिक्का काढला, उलटी धरलेली बाटली आणि 'इंडिपेंडंट' अशी अक्षरं. बऱ्याच स्वतंत्र ब्रुअरी तो डब्यावर छापतात. सगळ्या नाही, त्यामुळे शिक्का नाही म्हणजे मोठ्यांचीच असं समजू नका.

आणि तांबडा रस्सा असेल तर अँटी-हिरो जपून. हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात ती कडू फुलं) कडूपणा आणि तिखट एकत्र आले की तोंडात जाळ होतो. रश्श्याबरोबर लागर.

शंकासुर | २१ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

तो शिक्का मिळायला अट काय माहिती आहे का? वर्षाला ६० लाख बॅरलच्या आत उत्पादन, आणि क्राफ्टबाहेरच्या कुठल्याही दारू कंपनीचा हिस्सा २५ टक्क्यांच्या आत. एक बॅरल म्हणजे ११७ लिटर. ६० लाख बॅरल म्हणजे ७० कोटी लिटर. याला 'लहान' म्हणायचं? आधी ही मर्यादा २० लाखच होती. सॅम्युअल अ‍ॅडम्सवाले त्या रेषेच्या जवळ पोचले, मग रेषाच पुढे सरकवली. म्हणजे विद्यार्थी नापास होतोय म्हणून पासाचे गुण बदलायचे.

होपलेस_हॉप | २१ ऑक्टोबर, सकाळी ९:४१

मान्य. पण बडवायझरच्या कंपनीपुढे तेही लिंबूटिंबूच. २००८ मध्ये इनबेव्हनं बडवायझरची अ‍ॅनहायझर-बुश घेतली ती ५२ अब्ज डॉलरला.

शंकासुर | २१ ऑक्टोबर, सकाळी ९:४४

लिंबूटिंबू अब्जाधीश. छान.

मिशिगनची_माई | २१ ऑक्टोबर, सकाळी १०:१२

एवढा काथ्याकूट कशाला? बेल्सची टू हार्टेड आणा. डब्यावर मासा असतो. आम्ही कलामझूला राहत होतो, मुलगा तिथलाच जन्म. बेल्स १९८५ पासूनची, घरची कंपनी. लॅरी बेलनं स्वयंपाकघरातल्या पातेल्यापासून सुरुवात केली म्हणतात. आमच्याकडे बारशापासून पदवीपर्यंत सगळ्याला टू हार्टेडच. (बारशाला मोठ्यांना. हलके घ्या.)

अर्धा_ग्लास | २१ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

माई, सांगायला वाईट वाटतं, पण बेल्स २०२१ मध्ये विकली. घेणारी लायन नावाची कंपनी आणि तिची मालक जपानची किरीन. न्यू बेल्जियमही त्यांचीच, २०१९ पासून.

मिशिगनची_माई | २१ ऑक्टोबर, सकाळी ११:०२

खरं सांगताय? मी मागच्याच शुक्रवारी घेतली. डब्यावर मासा तोच आहे.

कोथरूड_ते_केड्झी | २१ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

गंमत म्हणजे त्याच किरीननं २०२१ मध्ये आपल्या बीरा ९१ मध्येही पैसे घातले. म्हणजे कलामझूचा मासा आणि दिल्लीचं माकड हे चुलत भाऊ.

लंडनकर_पाव | २१ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

आमच्या लंडनात तर काही उरलंच नाही. कॅम्डन टाउन २०१५ मध्ये बडवायझरवाल्यांनी घेतली. बीव्हरटाउनमध्ये हायनेकननं २०१८ मध्ये बोट शिरकवलं आणि २०२२ मध्ये हात. फुलर्सचा बिअरचा धंदा २०१९ मध्ये जपानच्या असाहीला गेला. थेम्सच्या काठी चिझिकला फुलर्सची जुनी ब्रुअरी आहे, तिच्या भिंतीवर विस्टेरियाचा वेल आहे. दर वसंतात मी आईला त्याचा फोटो पाठवतो. मालक असाही झाले तरी वेल पूर्वीसारखाच फुलतो.

सल्ला: कास्क एल घ्या. पंपाने ओढलेली, फार गार न केलेली.

अर्धा_ग्लास | २१ ऑक्टोबर, दुपारी १२:३६

शॉमबर्गच्या गराजमध्ये कास्क एल. नक्की.

शॉमबर्गची_सून | २१ ऑक्टोबर, दुपारी १:५०

सगळ्यांचे आभार. होपलेस_हॉप यांची यादी लिहून घेतली. मला दोनच गोष्टी सांगा: एकूण किती लागेल, आणि केग घ्यावा की डबे? बजेट अजूनही १५०च आहे.

फेसाळ | २१ ऑक्टोबर, दुपारी २:२५

केगच्या वाटेला जाऊ नका. आमच्या मंडळाच्या कोजागिरीला (दुधानंतर) मी आणला होता. एका दुकानातून उचलला, मिनीव्हॅनच्या डिकीत आडवा टाकला, तसाच रस्त्यावरच्या खड्ड्यांतून आणला आणि आल्या आल्या नळ लावला. पहिला तासभर नुसता फेस. तीस माणसं लाल प्लास्टिकचे पेले घेऊन रांगेत, आणि मी चमच्यानं फेस काढतोय, जणू डाळीचा फेस काढतात तसा. एक काका म्हणाले, "अरे, ताक केलंस का?" आजही मला मंडळात त्या नावानं हाक मारतात.

केग आणलाच तर आदल्या रात्री आणा, उभा ठेवा, गार होऊ द्या, हलवू नका. डिपॉझिट वेगळं, नळाचं वेगळं, आणि सोमवारी परत नेऊन द्यायचा. मी तो बुधवारी नेला, तेव्हाचं दुकानदाराचं तोंड अजून आठवतं.

हिशेबनीस | २१ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

इथे कुणी आकडेमोड करेल असं वाटलं होतं, पण नाही.

चौदा पिणारे, चार तास, डोक्याला तीन. म्हणजे ४२ कॅन. सात सिक्सपॅक. स्थानिक क्राफ्टचा सिक्सपॅक अकरा ते तेरा डॉलर. सात त्रिक... माफ करा, सात बारा ८४. कर धरून शंभराच्या आत. वर दोन पिशव्या बर्फ.

मोठ्या केगमध्ये साडेपंधरा गॅलन, म्हणजे १६५ ग्लास. चौदा माणसांना डोक्यामागे बारा! सर्वात छोटा केग म्हणजे साधारण ५५ ग्लास, पण मग एकाच प्रकारची बिअर सगळ्यांना. त्यापेक्षा डबे बरे. उरले तर ठेवता येतात.

१५० पुरेसे आहेत. नानांच्या सल्ल्यानं गेलात तर चारशेच्या पुढे जाल.

नेपरव्हिलचा_नाना | २१ ऑक्टोबर, दुपारी ३:२२

पैसा काय बरोबर नेणार आहोत का.

पाचव्या_फ्रिजचं_दार | २१ ऑक्टोबर, रात्री ८:४५

शिकत असताना दोन वर्षं मी उपनगरातल्या एका दारूच्या दुकानात संध्याकाळची नोकरी केली. थोडं लांबेल, पण वाचा.

आमच्याकडे बिअरच्या फ्रिजला दहा दारं होती. पहिली चार बघितली की वाटायचं काय निवड आहे! बदकाचं डोकं असलेली, नारिंगी चंद्र असलेली, डोंगरवाली, जहाजवाली, सगळी 'क्राफ्ट'. गुरुवारी माल यायचा तेव्हा त्या चारही दारांचा माल एकाच ट्रकमधून उतरायचा. एकच ड्रायव्हर, एकच बिल. मी खोकी फोडून मांडायचो आणि वितरकाचा माणूस हातात कागद घेऊन उभा असायचा: हे डोळ्यांच्या उंचीला, हे खाली, याचे तीन कॅन पुढे. पाचव्या दारापासून लहान ब्रुअरींचा माल. तो वेगळ्या छोट्या व्हॅनमधून यायचा, कधी यायचाच नाही.

इथे १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यापासून तीन पायऱ्या आहेत: बनवणारा, घाऊक वितरक, दुकान. बनवणारा सहसा थेट दुकानाला विकत नाही. त्यामुळे खरा खेळ मधल्या माणसाच्या हातात. मोठी कंपनी वितरकाला म्हणते, आमचाच माल जास्त विकलास तर जाहिरातीचा खर्च आम्ही उचलतो. २०१६ मध्ये बडवायझरवाल्यांना सॅबमिलर ही दुसरी मोठी बिअर कंपनी घ्यायला परवानगी देताना सरकारच्या न्याय खात्यानं असल्या आमिषांवर बंधन घातलं ते याच कारणानं. मग मोठ्यांना लहान ब्रुअरी कशाला विकत घ्यायच्या असतात? चवीसाठी? पाचवं दारही आपलंच व्हावं म्हणून.

ताई, दुकानात गेलात की पहिली चार दारं सोडा. आणि कॅन उलटा करून तळाची तारीख बघा. आयपीए तीन महिन्यांपेक्षा जुनी घेऊ नका, हॉप्सचा वास उडून जातो. फ्रिजबाहेर रचून ठेवलेल्या खोक्यांतली तर नकोच. मी स्वतः आठ महिने जुनी खोकी तळाहून वर काढून मांडलेली आहेत. साहेबांनी सांगितलं म्हणून.

मिशिगनची_माई | २१ ऑक्टोबर, रात्री ९:०३

आताच तळाची तारीख बघितली. ताजी आहे. जपानी असली तरी.

खवचट_खंडू | २१ ऑक्टोबर, रात्री ९:३०

एक बाळबोध प्रश्न. मालक कोण हे कळल्यावर चव बदलते का? ब्लू मून कूर्सची आहे, १९९५ पासून, पहिल्या दिवसापासून. कधी विकली गेली नाही, कारण जन्मच मोठ्यांच्या घरचा. लोक संत्र्याची फोड लावून मिटक्या मारत पितातच ना.

होपलेस_हॉप | २१ ऑक्टोबर, रात्री ९:५२

चव लगेच बदलत नाही, जागा बदलते. ताईंच्या नवऱ्याची ३१२ घ्या. ३१२ हा शिकागोच्या मध्यवर्ती भागाचा एरिया कोड. विक्रीनंतर ती बिअर न्यूयॉर्क राज्यात बाल्डविन्सव्हिलला, बडवायझरच्या कारखान्यात बनायला लागली. तिथला एरिया कोड ३१५.

खवचट_खंडू | २१ ऑक्टोबर, रात्री ९:५५

तीन नंबरांचा फरक. एवढं काय.

डोळे_झाकून | २२ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

आम्ही हा प्रयोग केला आहे. सात मित्र, पाच बिअर, सगळ्या गव्हाच्या. बायकोनं आत ओट्यावर ओतल्या, स्टीलच्या फुलपात्रांत, म्हणजे रंगही कळू नये. प्रत्येक फुलपात्राखाली आकड्याची चिठ्ठी. आमच्यात एक गृहस्थ आहेत, स्वतंत्र ब्रुअरीचे कट्टर. २०१५ मध्ये बडवायझरनं क्राफ्टची टिंगल करणारी जाहिरात सुपर बोलमध्ये दाखवली, "पम्पकिन पीच एल पिणारे" वगैरे, आणि त्याच्या काहीच दिवस आधी एलिझियन ही ब्रुअरी विकत घेतली होती, जी खरंच भोपळा-पीचची बिअर काढायची. तेव्हापासून हे गृहस्थ त्यांच्या थेंबाला शिवलेले नाहीत.

त्यांनी डोळे मिटून, घोट तोंडात घोळवून, तीन नंबरला दहापैकी नऊ दिले. म्हणाले, "यात माणसाचा हात आहे." चिठ्ठी उलटली. मोठ्यांची. सगळ्यात स्वस्त.

ते म्हणाले स्टीलमुळे चव बदलली.

शंकासुर | २२ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

स्टीलमुळे बदलते. त्यांचं बरोबर आहे.

डोळे_झाकून | २२ ऑक्टोबर, सकाळी ७:१४

मग पाचही स्टीलमध्येच होत्या की.

शंकासुर | २२ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

मुद्दा तो नाही.

सात्त्विक | २२ ऑक्टोबर, सकाळी ८:००

मराठी संकेतस्थळावर दारूचे धागे बघून खेद होतो. पन्नाशीला सत्यनारायण करावा.

फेसाळ | २२ ऑक्टोबर, सकाळी ८:०९

सकाळी सत्यनारायण, संध्याकाळी डव्हटेल. दोन्ही होतं.

कोथरूड_ते_केड्झी | २२ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

अवांतर: भारतात लोक किंगफिशरला देशी म्हणून मिरवतात. २०२१ पासून युनायटेड ब्रुअरीजचा ताबा हायनेकनकडे आहे. आणि कोरोना? भारतात ती बडवायझरवाल्यांची. इथे अमेरिकेत मात्र कोरोना आणि मोडेलो कॉन्स्टेलेशन नावाच्या कंपनीच्या, कारण २०१३ मध्ये इथल्या सरकारनं बडवायझरवाल्यांना त्या ठेवू दिल्या नाहीत. एकच बाटली, एकच लिंबू, मालक वेगळा.

अर्धा_ग्लास | २२ ऑक्टोबर, सकाळी १०:४८

त्याच कॉन्स्टेलेशननं २०१५ मध्ये सॅन डिएगोची बॅलास्ट पॉइंट एक अब्ज डॉलरला घेतली होती. चार वर्षांत हात पोळले, आणि विकली कोणाला? किंग्ज अँड कन्व्हिक्ट्स नावाच्या चिमुकल्या ब्रुअरीला. कुठली? हायवुडची. शॉमबर्गपासून पाऊण तासावर! म्हणजे बॅलास्ट पॉइंट आता मोठ्यांची नाही, आणि एका अर्थानं तुमच्या शेजारची. त्यांची स्कल्पिन घ्या.

आणि २०२३ मध्ये बडवायझरवाल्यांनी ब्लू पॉइंट, विडमर, रेडहुक, टेन बॅरल धरून आठ नावं टिलरेला विकली. टिलरे म्हणजे कॅनडातली गांजा विकणारी कंपनी.

सात्त्विक | २२ ऑक्टोबर, सकाळी १०:५५

बघा. मी म्हणत नव्हतो.

पक्का_ओकपार्ककर | २४ ऑक्टोबर, रात्री ११:२०

धागा पूर्ण वाचला नाही. लॅगुनिटास घ्या. डग्लस पार्कजवळ त्यांची भलीमोठी ब्रुअरी आहे, शिकागोतच बनते, एकदम ताजी. मालक टोनी मॅगी मूळचा आपल्या शिकागोचाच.

होपलेस_हॉप | २४ ऑक्टोबर, रात्री ११:३१

लॅगुनिटासचा निम्मा हिस्सा हायनेकननं २०१५ मध्ये घेतला, उरलेला २०१७ मध्ये. आणि ती भलीमोठी ब्रुअरी याच उन्हाळ्यात बंद केली. सगळं उत्पादन परत कॅलिफोर्नियात, पेटालुमाला. तिथे काम करणाऱ्या एकाला मी ओळखतो. त्याला मे महिन्यात कळलं.

पक्का_ओकपार्ककर | २४ ऑक्टोबर, रात्री ११:३५

अरेरे. मी जूनमध्ये जाऊन आलो, कोणी काही बोललं नाही.

नेपरव्हिलचा_नाना | २५ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

बोर्बन काउंटीबद्दल एक सावधगिरी सांगायची राहिली. १४ टक्के असते. माझे साडू सांगलीहून आले होते, त्यांनी किंगफिशर समजून दोन ग्लास गटागटा रिचवले. नंतर थर्मोस्टॅटशी बोलत होते.

शॉमबर्गची_सून | २५ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

नाना, :)

ठरलं. डबे घेणार, केग नाही. शनिवारी दुकानात जाते, पाचव्या दारापासून सुरुवात. डव्हटेल, डेझी कटर, गमबॉलहेड, थोडी अँटी-हिरो. हिशेबनीस, तुमचे विशेष आभार. झाल्यावर कळवते.

हिशेबनीस | २५ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

बिल ठेवा.

खवचट_खंडू | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

काय झालं पार्टीचं? की सगळे अजून थर्मोस्टॅटशी बोलताय?

शॉमबर्गची_सून | १२ नोव्हेंबर, रात्री ९:१०

सांगते. रागावू नका.

त्या शनिवारी यादी घेऊन निघाले तर नवरा म्हणाला, "मीही येतो." म्हटलं झालं, आता काय चकित करणार. गाडीत बसल्यावर त्यानं शांतपणे विचारलं, "ते फेसाळ म्हणजे आपले मंडळातले ताकवाले ना?" त्यानं हा धागा पहिल्या दिवसापासून वाचला होता. नाव बदलून मी लिहिते हेही त्याला दोन वर्षांपासून माहीत आहे म्हणे.

दुकानात गेलो. मी सरळ पाचव्या दाराकडे, तळाच्या तारखा बघत. हा पहिल्या दारापाशी उभा. म्हणाला, "मला ३१२च घे." मी म्हटलं, अरे, ती बडवायझरची, तीनशेपंधरावाल्यांची. तर म्हणतो, "आपला इथला पहिला फोन नंबर ३१२चा होता. ग्रीक टाउनमधल्या त्या एका खोलीत. तेव्हा ती त्यांची नव्हती. मी काय दर वेळी मालक पितोय का?"

मग भांडण नको म्हणून ३१२चे बाराचे दोन पॅक. एक अँटी-हिरो, माझ्या समाधानासाठी. आणि मोडेलोचं चोवीसचं खोकं, कारण ते सवलतीत दारातच रचलं होतं. हो, फ्रिजबाहेर. पाचव्या_फ्रिजचं_दार, माफ करा.

दीर आले. अँटी-हिरो फोडली, एक घोट घेतला, "बरी आहे, पण पुण्यात..." आणि बाजूला ठेवली. मग तांबड्या रश्श्याबरोबर रात्रभर मोडेलो. सहा. जाताना विचारतात, "वहिनी, ही स्थानिक का?"

अर्धा_ग्लास | १२ नोव्हेंबर, रात्री ९:१८

तुम्ही काय म्हणालात?

शॉमबर्गची_सून | १२ नोव्हेंबर, रात्री ९:२४

हो म्हटलं.

होपलेस_हॉप | १२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मी तीन आठवडे या धाग्यात घालवले.

हिशेबनीस | १२ नोव्हेंबर, रात्री ९:३३

एकूण किती?

शॉमबर्गची_सून | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

बर्फ धरून ९६ डॉलर. बिल आहे. अकरा कॅन उरलेत, गराजमध्ये ठेवले आहेत. थंडी वाढली की बिअरचे कॅन फुटतात का हो?

फेसाळ | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४२

फुटतात. मला विचारा. पण त्यासाठी नवा धागा काढा.